सोंग आणि सामर्थ्य

गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या संध्याकाळी आमच्या परभणीच्या घरात एक विलक्षण खटला उभा राहिला, आणि घरातील वडील माणूस म्हणून त्याचा निवाडा करण्याची पाळी आमच्यावर आली. पाट मांडले होते, निरांजने लावली होती, मुली ओवाळीत होत्या. आमच्या पुतण्याच्या तेरा वर्षांच्या मुलास त्याच्या धाकट्या बहिणीने ओवाळिले, आणि ओवाळणीची वाट पाहत ती तबक घेऊन तशीच उभी राहिली. तबकात काहीच पडले नाही. मुलगा खाली मान घालून बसला. गणपतीपासून साठविलेले चारशे रुपये कोठे गेले, असे त्याच्या आईने विचारिले, तेव्हा तो रडकुंडीस येऊन म्हणाला, "आबा, मी खेळातला पोशाख घेतला. वाटलं, आता तरी जिंकेन. पण तरी हरतोच आहे मी."

त्यावर पुण्याहून सुट्टीस आलेला आमचा नातू हसला. "अरे, पोशाखानं काही होत नसतं. तो नुसता दिसण्यापुरता असतो," असे तो म्हणाला. झाले! धाकटा उसळून ओरडला, "तुला काय जातंय बोलायला! तुझा फोन महागाचा, म्हणून तू जिंकतोस." फिर्यादी बहीण बाजूलाच राहिली आणि दोघां भावांतच जुंपली. "उद्या पाहू," असे सांगून आम्ही त्या वेळेपुरते प्रकरण मिटविले. परंतु न्यायाधीशास खटल्याचा विषयच ठाऊक नसेल तर तो न्याय कसला? म्हणून पुढील चार दिवस आम्ही चष्मा लावून त्या दोघांच्या मध्ये बसलो, आणि त्यांनी शिष्य समजून आम्हांस जे शिकविले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. आमच्या घरातील मुले कोणता खेळ खेळतात, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. तथापि या जातीचे खेळ आज बहुतेक वाचकांच्या घरी पोचले आहेत, याविषयी आम्हांस संशय नाही.

ज्या वडीलधाऱ्यांनी हे खेळ पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यांतील सर्वांत गाजलेला खेळ पबजी. तो दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन या मंडळींचा. फोनवरील त्याच्या अवतारावर भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानांतून काढला गेला, आणि मे २०२३ मध्ये अल्पवयीन मुलांस दिवसाकाठी तीन तासांची मर्यादा घालून पुन्हा सुरू झाला. त्यात शंभरपर्यंत खेळाडू विमानातून एका बेटावर रिकाम्या हाताने उतरतात. शिरस्त्राणे, चिलखते, बंदुका बेटावरील घरांतून धुंडाळावयाच्या. खेळाचे वर्तुळ हळूहळू आवळत जाते, आणि शेवटी जो किंवा जी चमू उरेल ती जिंकते. खेळाडू एकमेकांस पाहत नाहीत. प्रत्येकाच्या ऐवजी पडद्यावर त्याचे पात्र वावरते. त्या पात्रास हवे तसे नटविता येते. कोणी त्यास भरजरी अंगरखा चढवितो, कोणी मुखवटा लावतो, कोणी बंदुकीवरच सोन्याचा मुलामा देतो. मुले यास 'स्किन' म्हणतात.

या खेळांच्या नादाचे अनर्थ आम्हांस ठाऊक नाहीत असे नव्हे. १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्याचा भाग असलेल्या हिंगोलीत मार्च २०१९ मध्ये रुळांपाशी फोनवर खेळण्यात गुंग झालेले दोन तरुण आगगाडीखाली सापडले, ही बातमी वाचून आम्ही हळहळलो होतो. परंतु खेळ किती वेळ व कोठे खेळावा हा एक प्रश्न, आणि तो न्यायाने खेळला जातो की नाही हा दुसरा. पहिल्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. आमच्या दारी आला तो दुसरा होता, आणि मुलांच्या मनास तोच अधिक झोंबतो. मूल हरले तर तासाभरात विसरते. आपल्याला फसवून हरविले, ही समजूत मात्र ते वर्षानुवर्षे विसरत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. या खेळांतील नटण्याचे तीन प्रकार आम्हांस आढळले, आणि ते ओळखण्यास आम्हांस महाभारतातील तीन व्यक्ती उपयोगी पडल्या.

पहिली बृहन्नडा. विराटाच्या घरी अर्जुनाने स्त्रीवेष घेतला, वेणी घातली, हाती कंकणे भरली, आणि उत्तरेस नृत्य शिकविले. पुढे कौरवांनी गाई वळविल्या तेव्हा त्याच वेषात त्याने शमीवरून गांडीव काढिले आणि सर्व सैन्याचा पराभव केला. वेषाने त्याचे बळ तिळमात्र वाढले नाही आणि घटलेही नाही. खेळातील पोशाख बहुतांशी या बृहन्नडेच्या जातीचे असतात. पात्राभोवती न दिसणारी अशी एक मर्यादा आखलेली असते. तिच्या आत गोळी लागली तरच जखम मानितात. वरचा अंगरखा कितीही घोळदार असो, ही आतली मर्यादा बहुधा बदलत नाही. आमच्या भागात पोळ्यास बैलांच्या शिंगांस बेगड लावतात, पाठीवर झूल घालतात, कपाळी बाशिंग बांधतात. त्याने नांगर ओढण्याचे बळ वाढत नाही, म्हणून कोणी कुणब्यास वेडा म्हणत नाही. आपले जे आहे ते चारचौघांत साजरे दिसावे, ही इच्छा निरागस आहे, आणि मुलांच्या ठिकाणी ती असावयाचीच.

हे पोशाख विकतात कां, हेही समजून घेतले पाहिजे. असले खेळ बहुधा फुकट मिळतात. ते चालविण्याचा खर्च आणि नफा पोशाखांच्या विक्रीतून निघतो. विकणाऱ्यास मोह असा होतो की, पोशाखाबरोबर थोडे सामर्थ्यही विकावे. ते अधिक खपेल. परंतु पैसेवालेच नेहमी जिंकू लागले तर बिनपैशाचे खेळाडू निघून जातात, आणि मग नटलेल्या पात्रास पाहावयासही कोणी उरत नाही. यास्तव शहाणा दुकानदार शोभा विकतो, सामर्थ्य विकीत नाही.

परंतु सर्वच दुकानदार इतके शहाणे नसतात, आणि येथे दुसरी व्यक्ती येते, ती म्हणजे कर्ण. त्याची कवचकुंडले अलंकार नव्हती. ती अंगावर असेतोवर त्यास मारणे अशक्य होते. सिंगापूरच्या गरेना मंडळींच्या 'फ्री फायर' नामक खेळात पात्रांस निरनिराळ्या शक्ती असतात. त्यातील आलोक हे पात्र आपल्या सभोवारच्या सोबत्यांच्या जखमा भरून आणते व त्यांची चाल वाढविते. बंदुकीच्या काही पोशाखांनी तर बंदुकीचा मारा किंवा वेगच बदलतो. या गोष्टी खेळातील 'हिऱ्यांनी' घेता येतात, आणि ते हिरे रुपयांनी. त्या खेळावर भारतात फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. तथापि त्याचेच 'मॅक्स' नावाचे भावंड मुलांच्या फोनांत राहिले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ओळखीच्या मुलांनी आपसात डाव मांडावयाचा असल्यास बंदुकीचे हे जादा गुण बंद ठेवण्याची सोय त्या खेळातच आहे. ज्याअर्थी ती ठेविली, त्याअर्थी त्या गुणांनी पारडे झुकते, हे कर्त्यांसही मान्य असले पाहिजे.

येथे एक सूक्ष्म भेद केला पाहिजे. पात्रांस निरनिराळ्या शक्ती असणे हा स्वतः अन्याय नव्हे. बुद्धिबळात उंटाची चाल वेगळी आणि घोड्याची वेगळी. परंतु दोन्ही पक्षांस तितकेच उंट आणि तितकेच घोडे मिळतात. २०२० साली निघालेल्या 'व्हॅलोरंट'मध्ये प्रत्येक पात्राच्या चार शक्ती असतात. त्यांतील सर्वांत मोठी शक्ती वारंवार वापरता येत नाही. तिच्यासाठी डावात पुण्य साठवावे लागते. बंदुकीचे मोलाचे पोशाख मात्र तेथे केवळ शोभेचे असतात. इंद्राने कर्णाची कवचकुंडले नेली आणि मोबदल्यात जी शक्ती दिली ती एकदाच वापरता येणारी होती, हे वाचकांस स्मरत असेलच. कायमचे कवच देण्यापेक्षा एकदाच सुटणारे अस्त्र देणे समतोलास बरे, हे तत्त्व आजचे खेळकर्तेही पाळतात.

समतोल साधणे किती नाजूक असते याचे एक उदाहरण आम्हांस फार आवडले. २०१९ साली निघालेल्या 'एपेक्स लेजेंड्स' या खेळात काही पात्रे थोराड अंगाची व काही सडपातळ होती. थोराडांस नेम धरणे सोपे, म्हणून तीच आधी मरत. खेळाडू ती निवडीनासे झाले. कर्त्यांनी त्याच वर्षी थोराडांस लागणारा मार प्रथम १० टक्क्यांनी आणि पुढे १५ टक्क्यांनी कमी केला, आणि अगदी बारीक पात्रांस लागणारा मार ५ टक्क्यांनी वाढविला. देह निरनिराळे राहिले, पण जगण्याची संधी बरीचशी सारखी झाली. एकत्र कुटुंब चालविणाऱ्या कोणाही गृहिणीस यात नवल वाटणार नाही. ताटात सर्वांस सारखेच वाढणे म्हणजे समता नव्हे, हे ती जाणून असते.

तिसरी व्यक्ती शिखंडी. त्याच्या अंगी भीष्मास जिंकण्याचे बळ नव्हते. केवळ त्याच्या दिसण्यामुळे भीष्मांनी धनुष्य खाली ठेविले, आणि मागून अर्जुनाने बाण सोडिले. म्हणजे जे नुसते दिसण्यापुरते, त्यानेच युद्ध फिरले! खेळांतील पोशाखांचा हा प्रकार सर्वांत फसवा होय. 'कॉल ऑफ ड्यूटी' मालिकेतील 'वॉरझोन' या खेळात रोझ नावाच्या स्त्रीपात्राचा एक नखशिखांत काळा पोशाख विकला जात असे. बळ वाढविण्याचा कोणताही गुण त्यात नव्हता; परंतु अंधाऱ्या कोपऱ्यात उभे राहिल्यास ते पात्र दिसतच नसे. इतर खेळाडूंनी कंठशोष केला, तेव्हा २०२१ साली कर्त्यांस त्या पोशाखाचा काळिमा उजळावा लागला. शोभा आणि सामर्थ्य यांच्या सीमेवर 'दिसणे' नावाचे एक गाव आहे, आणि तेथे दोन्ही राज्यांचे कायदे चालतात.

ही अडचण संगणकाबरोबर जन्मलेली नाही. बुद्धिबळाच्या सोंगट्या पूर्वी देशोदेशी इतक्या नाना घाटांच्या घडवीत की, परक्यास वजीर कोणता आणि उंट कोणता हे कळत नसे. १८४९ साली इंग्लंडात स्टॉन्टन नावाचा घाट नोंदविला गेला. त्यात प्रत्येक मोहरे दुरूनही ओळखू येते, म्हणून पुढे सामन्यांत तोच रूढ झाला. सोंगट्या चंदनाच्या करा, हस्तिदंताच्या करा. परंतु घोडा घोड्यासारखाच दिसला पाहिजे. २००७ सालच्या 'टीम फोर्ट्रेस २' या खेळाच्या कर्त्यांनी हेच केले. त्यातील नऊ प्रकारचे योद्धे नुसत्या छायाकृतीवरून ओळखता यावेत, अशी त्यांच्या देहांची ठेवण त्यांनी मुद्दाम केली. प्रतिपक्षास आपल्यासमोर कोण उभे आहे हे कळणे, हा त्याचा हक्क आहे.

हा विषय आता परदेशाचाच राहिलेला नाही. पुण्याच्या सुपरगेमिंग या मंडळींनी आधी 'मास्कगन' हा बंदुकींचा खेळ केला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' हा मोठा खेळ बाजारात आणिला. त्यातील पात्रे, वेष आणि वास्तू भारतीय कल्पनेतून घेतल्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली आणि कौशल्याच्या 'ई-स्पोर्ट्स'ला मान्यता दिली. तेव्हा उद्या आपल्याच घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी असले खेळ रचावयास बसणे अशक्य नाही. त्यांनी आपल्या पैठणीचा पदर, आपला फेटा, आपला पोळ्याचा साज पात्रांवर अवश्य चढवावा. मात्र फेट्याबरोबर बळ विकू नये, आणि फेटा घातलेला माणूस झुडपात लोपणार नाही हेही पाहावे. कुरुक्षेत्रावर युद्धारंभी दोन्ही पक्षांनी नियम ठरविले होते. रथी रथ्याशी लढेल, गजारूढ गजारूढाशी, पदाति पदातीशी. ते नियम पुढे एकेक करून मोडले, आणि त्यांपैकी एकेका भंगाची आठवण आजही आपणांस टोचते. नियम ठरविणे सोपे. विजय समोर दिसत असता ते पाळणे कठीण.

येथवर आम्ही खेळाच्या आतले बोललो. आता धाकट्याची दुसरी तक्रार राहिली. "तुझा फोन महागाचा, म्हणून तू जिंकतोस." खरे सांगावयाचे तर, हे आम्ही आरंभी हरणाऱ्याचे रडगाणे समजलो होतो. परंतु मुलांनी दोन्ही फोन शेजारी ठेवून दाखविले, तेव्हा आमचा निरुपाय झाला. पडद्यावरील चित्र म्हणजे झरझर बदलणाऱ्या चित्रांची मालिका. स्वस्त फोन सेकंदास ३० चित्रे दाखवितो, महाग फोन ६०, ९० आणि काही तर १२०. जेथे एकास नवे चित्र सेकंदाच्या तिसाव्या भागाने मिळते, तेथे दुसऱ्यास ते नव्वदाव्या भागाने मिळते. शत्रू कोपऱ्यातून डोकावला हे त्यास आधी कळते. टॅबच्या रुंद पडद्यावर आजूबाजूचे दृश्यही अधिक दिसते. शिवाय आमच्या वाड्याच्या मागल्या खोलीत नेट इतके संथ की, मुलाने गोळी झाडल्यावर ती पोचेपर्यंत शत्रू निघून गेलेला असे.

जत्रेतील कुस्तीत पंच आधी जोड लावतात. पैलवान कसलेला असो वा नवखा, त्यास त्याच्या तोलामोलाचा गडी मिळाला पाहिजे. काही खेळकर्तेही तसे करितात. पबजीच्या फोनवरील खेळात जे संगणकावरून खेळतात त्यांची जोड निराळी लावतात, कारण फोनवर बोट फिरविणाऱ्याहून त्यांचा नेम सहज बसतो. परंतु एकाच घरातील दोन भावांच्या फोनांमधील अंतर कोणता परदेशी कर्ता मिटविणार? ते घरच्या वडिलांनीच पाहिले पाहिजे.

हे लिहिताना आम्हांस आमचा स्वतःचा एक अपराध आठवतो. नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत शाळेच्या क्रीडादिनी धावण्याच्या शर्यतीची व्यवस्था आमच्याकडे होती. एका सधन घरचा मुलगा शहरातून आणलेले खिळ्यांचे बूट घालून आला; बाकीचे अनवाणी होते. मुरमाड मैदानावर तो सहज पहिला आला. दुसरा आलेला मुलगा आम्हांस हळूच म्हणाला, "गुरुजी, बूट काढून पुन्हा धावायला सांगा ना." आम्ही त्यास खिलाडूवृत्तीवर व्याख्यान दिले आणि बक्षीस बूटवाल्यास दिले. नियमात बुटांविषयी काही लिहिलेले नव्हते, हे खरे. परंतु त्या मुलाने पुन्हा कधी शर्यतीत नाव दिले नाही, हेही खरे. बुटांचा दोष नव्हता आणि बूटवाल्या मुलाचाही नव्हता. दोष पंचाचा होता. आज इतक्या वर्षांनी तोच मुलगा निराळ्या रूपाने आमच्याच घरात, रिकाम्या तबकापुढे मान खाली घालून बसला होता.

पाचव्या दिवशी आम्ही निवाडा दिला. पहिले कलम असे की, बहिणीची ओवाळणी हे ऋण आहे, आणि ते धाकट्याने हप्त्याहप्त्याने फेडावे. त्यास कोणी गुपचूप पैसे देऊ नयेत. दुसरे असे की, आपल्या साठविलेल्या पैशांतून पोशाख घ्यावयाचा असेल तर आधी घरात विचारावे, आणि घेताना बृहन्नडेचा वेष व कर्णाचे कवच यांतील भेद समजून घ्यावा; घेतला तो वेष होता, आणि मुलगा कवच समजून फसला होता. तिसरे कलम मोठ्या नातवास. घरात दोघां भावांत जय-पराजय मोजावयाचा असेल तर तो एकाच फोनवर, आळीपाळीने, पुढील ओसरीवर बसूनच मोजावा, कारण तेथे नेट बरे चालते.

मोठ्याने क्षणभर विचार केला आणि आपला फोन पुढे केला. "चालेल, आबा. पण मग मी हरलो तर कोणाला दोष देऊ?" असे तो म्हणाला. आम्ही म्हणालो, "स्वतःला दे. न्यायाच्या खेळाचा तोच एक तोटा आहे."

पाच डाव झाले. मोठा तीन वेळा अधिक काळ टिकला, धाकटा दोन वेळा. भांडण झाले नाही. दोन डाव जिंकलेला मुलगा तीन जिंकलेल्याहून अधिक आनंदात होता, कारण ते दोन निःसंशय त्याचे स्वतःचे होते.

मग बहीण जवळ येऊन म्हणाली, "दादा, माझ्या पैशांचा पोशाख दाखव तरी." त्याने आपल्या फोनवर तो काढून दाखविला. पिवळाधमक अंगरखा, त्यावर लाल पट्टे. तिने तो नीट न्याहाळिला आणि म्हणाली, "छान आहे रे. पण हा घालून तू हिरव्या गवतात लपतोस?"

चार दिवस आम्ही ग्रंथ आणि दृष्टान्त धुंडाळीत होतो. तिने एका वाक्यात शिखंडीचे प्रकरण उलटे करून सांगितले. मोठा हसू लागला, आणि या वेळी धाकटाही हसला. त्या दिवसापासून तो खेळात फुकट मिळालेल्या साध्या कपड्यांत उतरतो, असे ऐकतो. चारशेपैकी दीडशे रुपये त्याने बहिणीस आजवर फेडले आहेत. उरलेल्यांचा हिशेब तीच ठेविते, आणि तो चोख ठेविते.